पायरीवरचा दवाखाना

आमच्या सेनगावच्या संतराम डॉक्टरसारखा माणूस दिवा घेऊन हुडकला तरी सापडायचा न्हाई, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुमी त्यांना नावं ठेवसाल, म्हणून. त्यांना नावं ठेवायचा हक्क एकट्या माझा हाये. डॉक्टर तरणे होते, डोक्यावर दाट केस होते, तवापासून मी त्यांचं औषध खाऊन राहिले.

मी मिना. रिसोड रोडच्या तांड्यावरची. दोन्ही पाय लेकरू असतानाच पोलिओनं गेले. घरात हातावर सरकत फिरते, बाहेर तीनचाकी सायकलवर. हातमशीनवर ब्लाऊज शिवते, अन् आता पन्नाशीला टेकले. तांड्यातल्या बाया म्हणतेत, मिनाची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. खोटं न्हाई. पायातलं बळ कुठंतरी तर जायलाच पायजे.

डॉक्टरांचा दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर, उंच जोत्यावर हाये. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत शिरतं म्हणून त्यांच्या वडलांनी तसा बांधला. पायऱ्या इतक्या खड्या की म्हातारं माणूस वर पोचेपर्यंत अर्धं दुखणं विसरतं. मी पहिल्यांदा गेले तवा माझा धाकटा भाऊ जगन मला उचलून वर न्यायला निघाला. डॉक्टरांनी आतून पाहिलं अन् हात वर केला. तिला काहून तकलीफ देतो, मीच खाली येतो, म्हणले. आले, खालच्या पायरीवर बसले, तिथंच नाडी पाहिली, छातीला नळी लावली, दंडात सुई टोचली. इतका मोठा डॉक्टर माझ्यासाठी धुळीत बसला म्हणून मी घरी येऊन रडले. आमची याडी, म्हणजे आई, तवा जिती होती. तिनं तर डॉक्टरच्या नावानं नारळ फोडला.

तवापासून तोच रिवाज पडला. मी आले की डॉक्टर खाली येणार. आता त्याच्यात वाईट काय, असं तुमी म्हणसाल. मी बी लई वर्षं तेच म्हणत होते.

पण पायरी म्हणजे रस्ता. बाजूला बाकड्यावर नंबर लावून बसलेले पेशंट, अन् समोर रतनसिंगचं चहाचं हॉटेल. माझा ताप, माझा खोकला, माझे जुलाब, सगळं आधी रतनसिंगला कळायचं. एकदा तर चहा गाळता गाळता तो मलाच म्हणला, मिनाबाई, आज दुधाचा नका पिऊ, पोट बिघडलंय न तुमचं. त्याचं मन साफ होतं. पण माझं पोट काय त्याच्या किटलीत होतं का?

अन् बोलायचा कोण? जगन. आमच्या तांड्यात आजारी माणसानं डॉक्टरपुढं बोलायचं न्हाई, सोबत गेलेल्यानं बोलायचं. आजारी माणूस एक तर वाढवून सांगतं न्हाई तर लाजून लपवतं, असं जुने लोक म्हणायचे. त्याच्यामुळं डॉक्टर जगनला इचारणार, काय होतंय हिला? जगन सांगणार, हिला असं होतंय, हिला तसं होतंय. मी दोघांच्या मधी, बाजारात मांडलेल्या भाजीच्या टोपलीसारखी. जगन जीप चालवतो, त्यानं गाडीतल्या कालव्यात बोलायची सवय लावून घेतलेली, त्याचा आवाज पार चौकात जातो. जीव लावतो पोरगं, मी काही म्हणलं तरी तो माझाच भाऊ. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण होळीच्या सुमाराला मला भलतंच सुरू झालं.

पाळी जाऊन मला चांगली दोन-तीन वर्षं झालती. सुटले एकदाची, असं म्हणून मी जुनी फडकी जाळून बी टाकलती. अन् एक दिवस पाहते तर परत डाग. वाटलं, उन्हाचं असंल. मधी काही दिवस गेले, परत तेच, आता जास्त. मला भ्या वाटलं, कारण भिकाबाई मावशीचं बी असंच सुरू झालतं. मावशीनं ते वर्षभर पदराआड ठेवलं. सांगितलं तवा डॉक्टर लोकांनी नुसते हात जोडले. तिचं शेवटचं लुगडं मीच शिवायच्या कपाटातून काढून दिलतं, म्हणून मला इसरायचं म्हणलं तरी इसरता येईना.

आता तुमी म्हणसाल, मग सांगायचं न. कुणाला? भावजयीला सांगितलं असतं तर रात्रीच जगनला कळलं असतं, अन् जगननं ते पायरीजवळ उभं राहून खणखणीत आवाजात डॉक्टरला सांगितलं असतं. दुसऱ्या दवाखान्यात जायचं तर जीप जगनचीच. फोन करावा तर डॉक्टर एका हातानं पेशंट पाहतेत, फोन टेबलावर उघडा ठेवून बोलतेत. बाकड्यावरचे सगळे ऐकतेत.

तरी एकदा मन घट्ट करून गेले. जगन गाडी लावायला गेलता. डॉक्टर खाली आले, काय गं मिना, म्हणले. मी म्हणलं, साहेब, जरा बोलायचं होतं. असं म्हणून आजूबाजूला पाहिलं तर बाकड्यावरचे चार जण माझ्याकडं तोंड करून बसलेले, अन् रतनसिंगची किटली हवेतच थांबलेली. माझ्या तोंडून निघालं, हात दुखून राहिले. डॉक्टरांनी हाताच्या गोळ्या दिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत तो हाच.

मग दिवाळीच्या अलीकडं एक दिवस डॉक्टर पायरीवर बसून हसत म्हणले की त्यांना शाळेत जायचंय. हिंगोलीला गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांसाठी काही दिवसांचं प्रशिक्षण होतं. दिव्यांग पेशंटला कसं तपासायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, त्याचं. आधी आमाला लंगडी म्हणायचे, मग अपंग म्हणले, आता दिव्यांग म्हणतेत. नाव बदललं, पायऱ्या तितक्याच. डॉक्टर थोडे चिडले बी होते अन् थोडे फुगले बी होते. या वयात मला काय शिकवणार, म्हणले, मी तर दवाखानाच खाली आणलाय. एक दिवस आपापल्या पेशंटला सोबत आणायला सांगितलं होतं. ते मला म्हणले, चल, साऱ्यांना कळू दे आपण सेनगावात कसं करतो.

मी लगेच हो म्हणलं. डॉक्टरची वाहवा करायला न्हाई. तिथं एखादी बाई डॉक्टर असंल, कुठं आडोसा मिळंल, हा माझा लोभ होता.

जगनच्या जीपमधी आमी तिघं गेलो. हॉलच्या दाराला उतार होता, सायकल सरळ आत गेली. कुणी उचललं न्हाई, कुणी बाजूला व्हा म्हणून ओरडलं न्हाई. आत ठिकठिकाणचे डॉक्टर, कळमनुरीकडचे, वसमतकडचे, बहुतेक बापे. शिकवायला नांदेडहून कोमल मॅडम म्हणून बायांच्या डॉक्टर आलत्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. माझ्याशी बोलायचं तर खुर्ची ओढून समोर बसल्या, अन् मान वर न करता मला कुणाशी बोलता आलं, याचंच मला नवल वाटलं.

सकाळी त्यांनी डॉक्टरांनाच कामाला लावलं. जमिनीवर बसा, पाय वापरायचे न्हाईत, अन् या तपासायच्या टेबलावर चढून दाखवा. काय ते दृश्य. पोट सुटलेले मोठेमोठे डॉक्टर टेबलाचा पाय धरून लटकून राहिले. आमचे डॉक्टर बी घामाघूम झाले, चढता आलं न्हाई. दोघांनी न इचारता त्यांच्या काखेत हात घातला अन् उचलून वर ठेवलं. मॅडमनी इचारलं, कसं वाटलं? डॉक्टर म्हणले, पोत्यासारखं. मला हसू आलं, अन् मग त्यांची दया बी आली.

जेवणाच्या आधी माझा नंबर आला. मॅडमनी इचारलं, मिनाताई, तुमचे डॉक्टर तुम्हाला कसं तपासतात? मी तोंड उघडायच्या आत मागून जगनचा आवाज आला, एकदम बराबर तपासतेत, काईच तकलीफ न्हाई. मॅडम त्याला रागावल्या न्हाईत. म्हणल्या, दादा, मी ताईंना विचारलं, तुम्ही बाहेर चहा घ्या. जगनचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हणलं नव्हतं.

मग आमचे डॉक्टर उठले अन् पायरीची सगळी कहाणी सांगितली. तिला कधी एक पायरी चढू दिली न्हाई, म्हणले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी बी मान डोलवली. मग माझ्याकडं वळून हळूच इचारलं, त्या पायरीवर तुम्हाला एखादी गोष्ट सांगता आली नाही, असं कधी झालंय?

डॉक्टर माझ्याकडं पाहून हसून राहिलते, लेकराचा निकाल लागायचा असतो तसे. व्हय म्हणलं तर चार माणसांत त्यांची शोभा. न्हाई म्हणलं तर माझी भिकाबाई मावशी झाली. मी सायकलच्या हँडलकडं पाहिलं अन् म्हणलं, झालंय.

पुढच्या रांगेतला एक तरुण डॉक्टर, मनानं चांगलाच असंल, म्हणला, मग आता सांगा ना ताई, इथं सगळे डॉक्टरच आहेत.

मला रागच आला. मी म्हणलं, "साहेब, ही बी पायरीच हाये. जरा मोठी हाये, इतकंच."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलतं. कोमल मॅडम म्हणल्या, बरोबर आहे, इथं नका सांगू. अन् पुढच्या पेशंटकडं वळल्या.

जेवणाच्या वेळेला मॅडम माझ्याजवळ आल्या. बाजूला खोली हाये, आत्ताच पाहू का, म्हणल्या. जी गोष्ट मी होळीपासून मागत होते ती समोर आली, अन् मी न्हाई म्हणलं. येडेपणा म्हणा. पण मला वाटलं, मॅडम परवा नांदेडला जातील, मला तर सेनगावातच दुखायचं हाये. मला माझ्याच डॉक्टरला सांगायचं होतं. मॅडम म्हणल्या, ठीक आहे, पण फार दिवस थांबू नका, अन् त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमधी टाकून दिला.

परत येताना डॉक्टर पुढच्या सीटवर गप. जाताना याच माणसानं गावोगावच्या गोष्टी सांगून डोकं खाल्लतं. जगन बी घुश्शात. मी मागं बसून मनात म्हणत होते, घे, उचलली जीभ लावली टाळ्याला. आता हा माणूस पायरीवर बी यायचा न्हाई. रात्री उशीत तोंड घालून लई रडले. त्यांचं मन दुखवलं म्हणून अन् माझं दुखणं तसंच राहिलं म्हणून, दोन्हीसाठी.

बरेच दिवस काहीच न्हाई. डाग तसेच. मी मॅडमचा नंबर काढायची अन् परत ठेवायची. लावू का नको, लावू का नको. अन् एका सकाळी डॉक्टरांचाच फोन आला. जगनला न्हाई, मला. उद्या ये, म्हणले, पण पुढून नको, मागच्या गल्लीनं ये.

मागच्या गल्लीला मी जन्मात गेले नव्हते. दवाखान्याची जागा चढावर हाये, रस्त्याच्या बाजूनं खाली अन् गल्लीच्या बाजूनं वर. मागं गेले तर काय, दवाखान्याला मागून दार, अन् दाराचा उंबरा जमिनीला लागून. पायरी एक बी न्हाई. इतकी वर्षं त्या दारामागं सलाइनची खोकी अन् मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. डॉक्टर दारातच उभे होते. उंबऱ्यावर त्यांनी सिमेंटचा उतार करून घेतलता, अन् आत उंच टेबलाच्या जागी घरातला लाकडी दिवाण आणून ठेवलता. घरी बाईसाहेब दोन दिवस बोलल्या न्हाईत माझ्याशी, म्हणले, त्यांचा बसायचा दिवाण होता.

मी आत गेले. माझ्या मागं जगन, नेहमीसारखा. डॉक्टर त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. म्हणले, "मिना, जगन आत थांबू दे का बाहेर? तू सांग."

हे अवघड होतं. दुसऱ्या कुणी त्याला घालवलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणलं, जगन, बाहेर बस. तो म्हणला, बाई, मी काय परका हाये का? आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतेत. मी म्हणलं, परका न्हाईस म्हणूनच बाहेर बस. त्याचे डोळे भरले, पण गेला. डॉक्टरांनी दार लावलं अन् आतून कडी घातली. ती कडी लागल्याचा आवाज मला अजून आठवतो.

मग ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले अन् इचारलं, काय होतंय? अन् मला बोलताच येईना. पायरीवर आवाज दाबायची इतकी सवय झालेली की मोकळी जागा मिळाली तर घसा बंद. डॉक्टर दुसऱ्या येळेला असते तर चार प्रश्न इचारून चार गोळ्या लिहून मोकळे झाले असते. पण ते गप बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून. प्रशिक्षणात शिकवलं असंल. पण बडबड्या माणसाला गप बसणं किती जड जातं, ते मला इचारा.

शेवटी मी सांगितलं. चार वाक्यांतच झालं. इतके महिने ज्यानं मला जाळलं ते चार वाक्यांचंच होतं.

डॉक्टरांनी कधीपासून, किती, पोटात दुखतं का, सगळं मलाच इचारलं. होळीपासून म्हणल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणले, "इतके दिवस काहून सांगितलं न्हाईस गं?"

"साहेब," मी म्हणलं, "तुमी आज पहिल्यांदा दार लावलं."

त्यांनी चष्मा काढला अन् लई वेळ पुसला. मग म्हणले, मला वाटायचं मी तुझ्यासाठी खाली येतो. मी म्हणलं, येत होते न, त्याच्यामुळंच तर बोलता आलं न्हाई. जो माणूस माझ्यासाठी धुळीत बसतो त्याला, मला आत घ्या, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मग त्यांनी इचारलं, दिवाणावर कसं घ्यायचं तुला, तूच सांग. मी म्हणलं, घेऊ नका, सायकल चिटकून लावा, माझी मी सरकते. सरकले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या पोटाला हात लावून पाहिलं. पुढची तपासणी बाईनं केलेली बरी, म्हणले, अन् माझ्यासमोर कोमल मॅडमला फोन लावला. फोन कानाला लावून, हळू आवाजात. शेवटी म्हणले, टेबल खाली घेऊन ठेवा, अन् बोलायचं ते तिच्याशीच बोला, भावाशी नको.

नांदेडला गर्भाच्या पिशवीचा तुकडा काढून तपासला. जे भ्या होतं तेच निघालं. पण पिशवीच्या आतच होतं, बाहेर पसरलं नव्हतं. मॅडम म्हणल्या, वेळेवर आलात. मला वाटलं, कशाची वेळ अन् कशाचं काय, आणखी थोडं पायरीवर बसले असते तर मावशीच्या मागं गेले असते. ऑपरेशन झालं. जगन दवाखान्याच्या बाहेर बसून राहिला, जेवायला बी हलला न्हाई, अन् डॉक्टरांना काही इचारलं न्हाई. शुद्धीवर आल्यावर मीच त्याला सांगितलं, जितकं सांगावं वाटलं तितकं. तो ऐकत होता अन् माझे पाय चेपत होता. चेपून त्या पायांत बळ यायचं न्हाई, हे त्याला ठाऊक हाये. मी चेपू दिले.

संक्रांत झाल्यावर परत सेनगावला गेले, टाके दाखवायला. मागच्या दारानं गेले, मागच्या दारानं आले, अन् चहाची तल्लफ आली म्हणून जगनला सोबत घेऊन रतनसिंगच्या हॉटेलापुढं सायकल लावली. रतनसिंग बाहेरच आला. मिनाबाई, लई दिवस दिसल्या न्हाईत, वाळल्या बी, काय झालतं? म्हणला. बाकड्यावरची माणसं जराशी पुढं सरकली. मी म्हणलं, झालतं काईतरी. तो म्हणला, काईतरी म्हणजे काय? मी कपात पाहून फुंकर मारत बसले. सेनगावात मला काय झालंय हे रतनसिंगला ठाऊक न्हाई, असं पहिल्यांदाच घडत होतं, अन् बिचाऱ्याला ते सहन होईना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेवटी तो जगनकडं वळला. जगन्या, तू तरी सांग, काय झालतं हिला?

जगननं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची त्याची सवय, अन् तसला आवाज. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवला, अन् पार चौकात जाईल अशा आवाजात म्हणला, "तिलाच इचार."

मी काय सांगते व्हय. चहा पिले अन् सायकल वळवली.